स्मृति एक कीं अनेक ?

म्हातारपणीं विसराळू झालेल्या एखाद्या आजोबांना नातवाचें नांव आठवत नाहीं. सकाळीं घरीं कोण येऊन गेलें, हें दुपारीं त्यांना सांगतां येत नाहीं. आणि तरीहि ते धोतर नेसूं लागले कीं निऱ्या पाडतांना त्यांचीं बोटें बिनचूक चालतात. घरांतील मंडळी ह्या विसंगतीचें नवल करतात. एखादा तरुण तर आजोबांच्या विसरण्यावरच संशय घेतो. आणि गोष्ट तेथेंच संपते.

मराठी भाषेनें मात्र हा भेद फार पूर्वींच ओळखलेला दिसतो. नांव, तारीख, प्रसंग हीं ‘ध्यानांत’ राहतात. पोहणें, पाखडणें, अक्षर काढणें हीं ‘अंगवळणीं’ पडतात. सूप कसें झेलावें हें पाखडणाऱ्या बाईला विचारलें, तर तिला तें शब्दांनीं सांगतां येणार नाहीं. ती सूप हातांत घेऊन दाखवील. भाषेनें केलेला हा भेद केवळ बोलण्यापुरता आहे, कीं मेंदूच्या घडणींतहि त्याला कांहीं आधार आहे ? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ह्या प्रश्नाचें उत्तर कोणालाहि खात्रीनें देतां येत नव्हतें. मेंदू आणि वर्तन ह्यांचा संबंध शोधणाऱ्या शास्त्राला मज्जामानसशास्त्र म्हणतात. त्या शास्त्राला हें उत्तर मिळालें तें एका विद्यार्थिनीच्या चिकाटीमुळें, आणि एका अभागी तरुणाच्या अतोनात नुकसानींतून.

विद्यार्थिनीचें नांव ब्रेंडा मिल्नर. त्यांचा जन्म १९१८ सालीं इंग्लंडांतील मँचेस्टर येथें झाला. १९३६ सालीं गणिताच्या अभ्यासासाठीं त्या केंब्रिजच्या न्यूनॅम कॉलेजांत दाखल झाल्या. पण गणितांत आपली गति पहिल्या प्रतीची नाहीं, हें त्यांना लवकरच कळून आलें. मनाचा ओढा तत्त्वज्ञानाकडे होता. तथापि तत्त्वज्ञानावर पोट भरत नाहीं, त्यापेक्षां मानसशास्त्र बरें, असा व्यवहारी सल्ला त्यांना मिळाला आणि त्यांनीं तो मानला. अशा सल्ल्यांनीं शास्त्राचें किती भलें झालें आहे, ह्याची मोजदाद अद्याप कोणी केलेली नाहीं !

तेथील एक शिक्षक ऑलिव्हर झँगविल ह्यांच्याकडून त्यांना एक दृष्टि मिळाली. मेंदूला इजा झालेल्या मनुष्याकडे लक्षपूर्वक पाहिलें, तर धडधाकट मेंदू काय करीत असतो हें उमगतें, ही ती दृष्टि. घड्याळ नीट चालत असतां आंतील चाकांची आठवण कोणाला होत नाहीं. एखादें चाक झिजलें म्हणजे मग त्याचें काम काय होतें तें कळतें. पुढें महायुद्ध आलें. विमानचालकांची निवड करण्यासाठीं कसोट्या तयार करण्याच्या कामीं केंब्रिजची मंडळी गुंतली व त्यांत मिल्नरबाईहि होत्या. १९४४ सालीं पतीबरोबर त्या कॅनडांत गेल्या आणि माँट्रिअल विद्यापीठांत फ्रेंच भाषेंतून मानसशास्त्र शिकवूं लागल्या. नोकरी होती, संसार होता. झँगविल ह्यांनीं लावलेलें कुतूहल मात्र तसेंच राहिलें होतें.

त्याच शहरांतील मॅकगिल विद्यापीठांत १९४७ सालीं डोनाल्ड हेब हे प्राध्यापक म्हणून आले. हेब ह्यांचे गुरु कार्ल लॅशली. उंदराला एखादी वाट शिकवावयाची, मग त्याच्या मेंदूच्या बाह्य आवरणाचा कांहीं भाग काढावयाचा, आणि तो वाट विसरतो काय हें पाहावयाचें, असा उद्योग लॅशली ह्यांनीं वर्षानुवर्षें केला होता. हा भाग काढला म्हणून आठवण गेली, असें एकाहि जागेविषयीं म्हणतां येईना. त्यामुळें स्मृतीला मेंदूंत ठराविक अशी जागाच नाहीं, ती सर्वत्र पसरलेली आहे, हें मत त्या काळीं प्रतिष्ठित झालें होतें. हेब ह्यांनीं निराळा विचार मांडला. एखादी गोष्ट मनांत घोळत असते तेव्हां कांहीं पेशी एकमेकींना एकसारख्या चेतवीत राहतात. हें पुरेसें घडलें म्हणजे त्यांच्यामधील दुवा कायमचा पक्का होतो. म्हणजे घोळणें ही एक अवस्था आणि पक्की नोंद ही दुसरी. हा त्यांचा ग्रंथ १९४९ सालीं प्रसिद्ध झाला. त्याआधीं हस्तलिखितांतील प्रकरणांवर त्यांच्या वर्गांत चर्चा चालत असे, आणि त्या वर्गाला मिल्नरबाई हजर असत.

माँट्रिअलमध्येंच शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड ह्यांची १९३४ सालीं स्थापन झालेली मज्जारोगसंस्था होती. औषधाला दाद न देणाऱ्या अपस्माराच्या, म्हणजे फेंफऱ्याच्या, रोग्यांवर ते मेंदूची शस्त्रक्रिया करीत. केवळ डोक्याची जागा बधिर करावयाची आणि रोग्याला जागें ठेवावयाचें, ही त्यांची रीत. उघड्या मेंदूला विजेचा सूक्ष्म प्रवाह लावून कोणत्या जागीं वाचा आहे, कोणत्या जागीं हाताची हालचाल आहे, हें ते आधीं पाहून घेत, आणि मगच रोगट भाग काढीत. अशा ठिकाणीं आपला एखादा विद्यार्थी पाठविण्याची मुभा हेब ह्यांनीं मिळविली, आणि १९५० सालीं मिल्नरबाई तेथें गेल्या. तिशी ओलांडल्यावर पुन्हां विद्यार्थिनी होणें सोपें नसतें. शस्त्रवैद्यांच्या त्या राज्यांत मानसशास्त्र शिकणाऱ्या बाईचें काम काय, हेंहि कोणाला नीटसें ठाऊक नव्हतें. बाईंचीं साधनें तरी काय, तर कागद, पेन्सिल, कांहीं चित्रें आणि पुष्कळसे प्रश्न. शस्त्रक्रियेपूर्वीं आणि नंतर तेच प्रश्न, त्याच शांतपणें. डाव्या कानशिलाकडचा मेंदूचा भाग काढलेला रोगी ऐकलेली गोष्ट किंवा शब्दांची यादी सांगतांना अडखळतो. उजवीकडचा भाग काढलेल्याला चेहरे व आकृत्या ओळखणें जड जातें. हे भेद असल्या साध्या कसोट्यांतूनच हळूहळू बाहेर आले. पुढें त्या विद्यापीठाची जागा सोडून मिल्नरबाई ह्याच कामाला लागल्या.

बहुतेक रोग्यांचें होणारें नुकसान असें थोडकें असे. पण त्या सुमारास दोन रोगी असे निघाले कीं सारेच चकित झाले. एक स्थापत्यविशारद होता, दुसरा हातमोजे कापणारा कारागीर. दोघांच्याहि मेंदूच्या डाव्या बाजूचाच भाग काढला होता. शुद्धीवर आल्यावर बोलणें ठीक, बुद्धि ठीक, स्वभाव तोच. परंतु नवीन कांहींहि लक्षांत राहीना. आपल्या स्मरणशक्तीचें तुम्हीं काय करून ठेवलेंत, असें त्या स्थापत्यविशारदानें डॉक्टरांना विचारल्याचें मिल्नरबाईंनीं नमूद केलें आहे. त्यांचा आणि पेनफील्ड ह्यांचा तर्क असा झाला कीं, ह्या रोग्यांच्या उजव्या बाजूचा तोच भाग आधींपासूनच निकामी असला पाहिजे. डावा भाग काढतांच दोन्ही गेले. त्या स्थापत्यविशारदाच्या मृत्यूनंतर जी तपासणी झाली, तींत हा तर्क खरा ठरला. पण तें पुष्कळ पुढें. १९५५ सालीं शिकागोच्या वैद्यपरिषदेसाठीं ह्या दोन रोग्यांचा वृत्तांत पाठविला गेला तेव्हां तो तर्कच होता. त्याचा सारांश वाचून अमेरिकेंतील हार्टफर्डच्या विल्यम स्कोव्हिल ह्या शस्त्रवैद्यांनीं पेनफील्ड ह्यांना कळविलें कीं, असाच एक रोगी माझ्याहि हातून झाला आहे.

त्या रोग्याचें नांव हेन्री मोलेसन. शास्त्रीय लेखांतून अर्धशतकाहून अधिक काळ तो केवळ ‘एच्‌. एम्‌.’ ह्या दोन अक्षरांनीं ओळखला जात होता. संपूर्ण नांव जगाला कळलें तें त्याच्या मृत्यूनंतर. १९२६ सालचा त्याचा जन्म. दहा वर्षांच्या सुमारास त्याला फेंफऱ्याचे लहान झटके येऊं लागले आणि सोळाव्या वर्षाच्या सुमारास मोठे. विजेच्या मोटारींना तार गुंडाळण्याच्या कामावर तो होता. पण झटके इतके वाढले कीं काम करणें अशक्य झालें, आणि औषधांच्या मोठ्या मात्रांनींहि गुण येईना. १९५३ सालीं, सत्तावीस वर्षांच्या वयांत, स्कोव्हिल ह्यांनीं त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. ती प्रायोगिक होती, हें त्यांनीं स्वतःच पुढें स्पष्टपणें लिहिलें. कानशिलांच्या आंतील अंगाला, मेंदूच्या पोटांत, समुद्रघोड्याच्या आकाराचा म्हणून ‘हिप्पोकॅम्पस’ असें ग्रीक नांव मिळालेला एक अवयव असतो. त्याचा बराचसा भाग, आसपासच्या भागासह, दोन्ही बाजूंनीं काढून टाकला गेला. फेंफरें बरेंच आटोक्यांत आलें. पण हेन्रीला दवाखान्यांतील परिचारिका ओळखूं येईनात, स्नानगृहाची वाट सांपडेना, आणि तेंच मासिक तो पुन्हां पुन्हां नव्या उत्सुकतेनें वाचूं लागला.

मिल्नरबाई आगगाडीनें हार्टफर्डला गेल्या. १९५५ च्या एप्रिलमध्यें त्यांनीं हेन्रीला तारीख विचारली तेव्हां तो म्हणाला, मार्च १९५३. आणि वय सत्तावीस. काळ जणूं शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यापाशींच थांबला होता. बाईंकडे येण्यापूर्वीं नुकताच तो दुसऱ्या एका डॉक्टरांशीं बोलत होता, त्याचीहि त्याला गंधवार्ता नव्हती. बुद्धि मात्र शाबूत होती. तिचा अंक ११२ आला, म्हणजे सरासरीहून वरचा आणि शस्त्रक्रियेपूर्वींच्या अंकापेक्षांहि थोडा अधिक. लहानपण आठवत होतें, भाषा चोख होती, थट्टा कळत होती. तेव्हां बुद्धि आणि स्मृति ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढें तर तेथेंच सिद्ध झालें.

एका भेटींत बाईंनीं त्याला ५८४ हा आंकडा लक्षांत ठेवावयास सांगितलें. पंधरा मिनिटांनीं परत येऊन विचारलें तर त्यानें तो बरोबर सांगितला ! कसा ठेवला, तर हिशेब करून. पांच, आठ आणि चार मिळून सतरा. आठ लक्षांत ठेवावयाचे. सतरांतून आठ गेले, राहिले नऊ. नवांचे दोन भाग, पांच आणि चार. मध्यें आठ घातले कीं झालें. हा जप तो पंधरा मिनिटें मनांत करीत बसला होता. नंतर बाईंनीं विषय बदलला, आणि मिनिटभरानें त्याला तो आंकडा तर आठवेनाच, पण आंकडा सांगितला होता ही गोष्टहि आठवेना. हेब ह्यांच्या वर्गांत ज्या दोन अवस्थांची चर्चा झाली होती, त्या येथें डोळ्यांसमोर वेगळ्या होऊन उभ्या राहिल्या. मनांत घोळविणें हेन्रीला साधत होतें. नोंद पक्की होत नव्हती. पाटीवर अक्षर उमटत होतें, वहींत उतरत नव्हतें.

स्कोव्हिल आणि मिल्नरबाई ह्यांचा लेख १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. नव्या आठवणी पक्क्या होण्यासाठीं मेंदूचा हा भाग हवा, हें त्यानें दाखविलें. स्मृतीला जागा नाहीं ह्या मताला त्यानें जबर धक्का दिला. तथापि स्मृति एक कीं अनेक, हा प्रश्न बाकीच होता, आणि त्याचें उत्तर एका खेळासारख्या कसोटीनें दिलें.

कागदावर एक चांदणी काढलेली असते. तिच्या दोन समांतर रेघा. त्या दोन रेघांच्या मधून, कोठेंहि स्पर्श न करतां, पेन्सिल फिरवावयाची. हात आणि कागद मात्र प्रत्यक्ष दिसूं द्यावयाचे नाहींत. समोरच्या आरशांत पाहून काढावयाचें. ज्याला वाटेल त्यानें घरीं करून पाहावें. पहिल्या खेपेस पेन्सिल कोपऱ्यावर अडते, उलट्या दिशेला पळते, मनुष्य चिडतो. दहा-वीस वेळां केल्यावर हात निवळतो. बाईंनीं हेन्रीकडून ही चांदणी तीन दिवस काढवून घेतली. पहिल्या दिवशीं चुका होत होत्या व कमी होत गेल्या. दुसऱ्या दिवशीं हेन्रीला चांदणीहि आठवत नव्हती, आरसाहि आठवत नव्हता. समोरची बाईहि नवीच. परंतु त्याचा हात आदल्या दिवशीं जेथें थांबला होता जवळजवळ तेथूनच पुढें सुरू झाला. तिसऱ्या दिवशीं रेघ जवळजवळ निर्दोष. ती पाहून हेन्रीलाच नवल वाटलें; हें अवघड असेल असें वाटलें होतें, पण बरेंच जमलें कीं, अशा अर्थाचें तो बोलला. आपण हें शिकलों आहों, हें त्याला ठाऊक नव्हतें.

एवढ्याशा चांदणीनें हा भेद उघड केला. प्रसंग आणि माहिती ह्यांची नोंद करणारी एक यंत्रणा आणि हाताला वळण लावणारी दुसरी, अशा ह्या निराळ्या आहेत. पहिली हिप्पोकॅम्पसवांचून चालत नाहीं, दुसरी त्यावांचूनहि चालते. हा वृत्तांत मिल्नरबाईंनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केला. वळण लागण्याच्या कामीं मेंदूच्या पोटांतील इतर गांठींचा आणि लहान मेंदूचा वांटा असतो, हें नंतरच्या संशोधनानें पुढें आलें. धोतराच्या निऱ्या पाडणाऱ्या आजोबांचा उलगडाहि येथेंच होतो. म्हातारपणीं होणाऱ्या अल्झायमरच्या विकारांत हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा भाग बहुधा प्रथम झिजूं लागतो; म्हणून सकाळचा पाहुणा दुपारीं नाहींसा होतो, आणि अंगवळणीं पडलेलें पुष्कळ काळ टिकून राहतें. आजोबा सोंग करीत नाहींत. घरच्या माणसांनीं त्यांची उलटतपासणी घेण्यांत कांहींच अर्थ नाहीं. हातानें होणारीं कामें त्यांच्याकडे राहूं दिलीं तर मात्र त्यांना बरें वाटतें.

हेन्रीचें पुढें काय झालें ? १९६२ सालीं आईबरोबर तो आठवडाभर माँट्रिअलला गेला होता, तेव्हां मिल्नरबाईंची एक विद्यार्थिनी, सूझन कॉर्किन, हिनें त्याला प्रथम पाहिलें. कॉर्किनबाईंचें बालपण हार्टफर्डला, स्कोव्हिल ह्यांच्या घरासमोरच गेलेलें. योगायोग कधीं कधीं कादंबरीवरहि ताण करतो. पुढें बॉस्टनजवळील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत त्यांनीं हेन्रीच्या मृत्यूपर्यंत त्याचा अभ्यास चालविला. ज्या घरांत तो शस्त्रक्रियेनंतर काहीं वर्षांनीं राहावयास गेला, त्याचा नकाशा त्याला कालांतरानें काढतां येऊं लागला. रोज त्याच खोल्यांतून फिरून कांहींतरी आंत झिरपलें होतें. वडील वारल्याचें मात्र मनांत ठरत नसे. ते गेले असल्याची चिठ्ठी स्वतःच्या हातानें लिहून त्यानें पाकिटांत ठेवली होती. चिडचिड क्वचित्‌. कसोटीला बोलाविलें कीं तो येई, आणि आपल्यापासून कोणाला मदत होत असेल तर बरेंच, असें म्हणे.

येथें एक प्रश्न अवघड आहे, आणि तो झांकून ठेवणें योग्य नाहीं. कालची गोष्ट ज्याला आज आठवत नाहीं, त्याच्या संमतीला अर्थ किती ? हेन्रीसाठीं कायदेशीर पालक नेमला गेला तो १९९२ सालीं. तोंपर्यंत तीन तपांहून अधिक काळ कसोट्या झालेल्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर ह्यावर बराच वाद माजला. हेन्रीचें हाल केले असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण त्याच्या चांगुलपणाचा शास्त्रानें सढळ हातानें उपयोग करून घेतला, हें नाकारतां येत नाहीं. स्कोव्हिल ह्यांच्याविषयीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, आपल्या हातून काय झालें तें त्यांनीं लपविलें नाहीं. लेख लिहून त्यांनीं तें जगापुढें मांडलें, आणि ही शस्त्रक्रिया दोन्ही बाजूंनीं पुन्हां कोणीहि करूं नये, असा इशारा इतर शस्त्रवैद्यांना दिला. तो पाळला गेला नसता, तर आणखी कित्येक हेन्री झाले असते.

२ डिसेंबर २००८ रोजीं, ब्यायशींव्या वर्षीं, हेन्री वारला. दुसऱ्या वर्षीं सॅन डिएगो येथें त्याचा मेंदू गोठवून त्याच्या २४०१ पातळ चकत्या करण्यांत आल्या. स्कोव्हिल ह्यांच्या अंदाजापेक्षां हिप्पोकॅम्पसचा कमी भाग काढला गेला होता, मागचा तुकडा उरला होता, हें त्याच्या हयातींतच चुंबकीय छायाचित्रांनीं दिसून आलें होतें. आतां तें प्रत्यक्ष पाहतां आलें.

कॉर्किनबाई त्याला शेहेचाळीस वर्षें भेटत होत्या. त्या कोण, हें त्याला कधींच सांगतां आलें नाहीं. पुढें पुढें मात्र त्यांचा चेहरा पाहिला कीं त्याला ओळखीचा वाटूं लागला; आणि ही ओळख कोठली म्हणून विचारलें, तर तो सांगे, शाळेंतली.